आमच्या घराचा खांदा

संगमेश्वरच्या स्टँडावर आबांनी हमालाकडून माझी ट्रंक टपावर चढवली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "लंगड्याला पुढं बसवा, वाटेत अडचण नको." मी मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. गाडी मुंबईची होती. आई खिडकीखाली उभी होती. म्हणाली, "पाय चालत नाय, नि जीब मातर धावत्ये. तितं गप रव." गप राहायला जमलं असतं तर गाव कशाला सोडलं असतं?

लहानपणी तापात माझा डावा पाय वाळला. त्या पायाची अडचण माझ्यापेक्षा लोकांनाच जास्त. लावणीला मला कुणी बोलवत नसे. काजूच्या कारखान्यात बसून बिया फोडायचं काम मिळालं, पण मजुरी बाईची. का म्हणून विचारलं, तर मुकादम म्हणाला, "बायकांत बसतोस ना?" बायकांना तरी कमी का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

तेही गिळलं. पण शिमग्यात आमच्याकडे देवीची पालखी निघते, आणि प्रत्येक घरचा एक पुरुष तिला खांदा देतो. ज्याचा खांदा, त्याचं घर. गावकीच्या बैठकीत बोलायचंही त्यानंच. आबांचे गुडघे गेले तेव्हा मी पुढं झालो. गावकीचे प्रमुख, गावकार, म्हणाले, "पालखी हिंदकळंल रे. तुज्या घरचा खांदा तुजा चुलतभाव देईल." आबा खाली बघत राहिले. शिमगा सरला नि मी ट्रंक भरली.

परळला एका शिंप्याकडे काज-बटणाला लागलो. मशीनवर बसतो म्हटलं तर शेठ म्हणाला, "पायडल कसं मारणार?" एका पायानं मारून दाखवलं. तरी जन्मभर काज-बटणच. गिऱ्हाइकांना तो कौतुकानं सांगे, "हा सोडून जाणार नाही." खरंच होतं. मला दुसरीकडे घेणार कोण?

पुढं विरारला खोली झाली, संसार झाला. आबा गेले, आई गेली, तेव्हा गावी गेलो आणि दिवस घालून परतलो. शिमग्याला मात्र पाऊल टाकलं नाही.

गेल्या शिमग्याआधी चुलतभावाच्या मुलाचा, महेशचा, फोन आला. "काका, वाडीत पोरा उरली नाय. आमच्या घरचा खांदा मी देतो, पन बाबांचा खांदा दुखतो. तुमच्या घरचा खांदा रिकामा हाय. तुमी याल काय?"

मी भडकलो. "माणसं होती तवा मी लंगडा. आता माणसं संपली तवा धडधाकट झालो होय रे?"

तो म्हणाला, "तसा नाय वो काका. तुमी आलाव तर पालखी हळू चालवू. येवडाच सांगायचा होता."

मी फोन ठेवला. गेलो नाही. पालखी वाडीत टेम्पोतून फिरवली म्हणे.

हळू चालवू. आबांच्या देखत गावकार एवढंच म्हणाले असते तर? देवीला कुठं गाडी गाठायची होती? तुम्ही गावात राहिलेले असा की माझ्यासारखे बाहेर पडलेले, घर कुठलं म्हणून विचाराल तर आता सांगतो. आपल्यासाठी चार माणसं चाल कमी करतात, ते घर. माझं मला सापडलं, आणि मीच ते फोनवर झिडकारलं.

यंदा महेशनं फोन केला नाही. मीच केला. म्हटलं, येतो. तो म्हणाला, "या काका, गाडी पाठवतो." पण पावसाळ्यापासून उजवा पायही उचलत नाही. आता पालखी कितीही हळू चालली तरी मला गाठता यायची नाही. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.