सील काही संपेना

किस्से चिंबोऱ्यांसारखे असतात. टोपलीतून एक उचलावी, तर तिच्या नांगीला दुसरी लोंबकळत येते आणि दुसरीच्या पायाला तिसरी. तुम्ही एकच मागितलेली असते! आमच्या शनिवारच्या इंग्रजीच्या वर्गाचं असंच आहे. एक सांगायला बसलो की बाकीचे आपोआप वर येतात.

हा वर्ग बोईसरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो. तो सुरू केला माझ्या बायकोनं, वसुधानं. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. मी पालघरला कचेरीत. वर्गात माझं काम चहा करण्याचं.

विद्यार्थी तिघं टिकले. एक दांडी गावच्या नंदाताई. त्या मासळी विकतात. शनिवारी बरेच लोक मासे खात नाहीत, म्हणून त्यांना शनिवार मोकळा. पापलेट घेणारा व्यापारी त्यांच्यासमोरच फोनवर इंग्रजीत बोलतो आणि मग भाव सांगतो. तो काय बोलतो ते त्यांना कळायला हवं होतं. दुसरे माकुणसारचे रमाकांतभाऊ. त्यांची पानवेलीची वाडी आहे. लेकीच्या शाळेतल्या बाई इंग्रजीत बोलतात आणि हे नुसतं 'येस मॅडम, येस मॅडम' करून घरी येतात, हे त्यांचं दुःख. तिसरा दुबे, एका रंगाच्या कारखान्यात पंपावर असतो. बायको गावाकडे. त्याला आखातात नोकरी हवी आहे.

वसुधाची पद्धत वेगळी होती. एका वेळी एकच शब्द घ्यायचा आणि त्याचे वाक्प्रचार एकेक करून संपवायचे. पण अर्थ घोकायचा नाही. प्रत्येकानं स्वतःच्या आयुष्यातला किस्सा सांगायचा आणि तो त्या वाक्प्रचारात बसला की नाही, हे बाकीच्यांनी ठरवायचं. बसला तर पुढे. नाही बसला तर तोच वाक्प्रचार पुढच्या शनिवारी पुन्हा!

तिनं घेतलेला शेवटचा शब्द 'सील'.

*

सुरुवात 'माय लिप्स आर सील्ड'पासून झाली. म्हणजे ओठांना कुलूप, गुपित कुणाला सांगणार नाही. नंदाताई लगेच सरसावल्या.

"बाई, माजा किस्सा हाय. आमच्या आळीतली एक पोर येऊन मला बोलली, मावशी, कोनाला सांगू नका. मी बोलली, माज्या तोंडून सबूद नाय निगनार."

"मग?"

"मग बाजारात तिच्या आयशीनं विचारलं, नंदे, माजी पोर दोन दिस गप गप का हाय गं? मी मान खाली घालून कोलंबी सोलत बसली. तिनं परत विचारलं. मी गप. तिसऱ्या टायमाला विचारलं तवा मला रागच आला! मी बोलली, तू कायबी कर, पन तुजी पोर त्या टेम्पोवाल्याबरोबर सोमवारी पलून जानार हाय, ते मी मेली तरी तुला सांगनार नाय!"

वसुधाला हसू आवरेना. डोळे पुसत ती भिंतीला टेकली.

रमाकांतभाऊंनी गंभीरपणे निकाल दिला, "नाही बसला."

"का नाय बसला? दोन टायमाला गप होती ना मी!"

*

'सील ऑफ अप्रूव्हल' म्हणजे पसंतीची मोहोर. ही रमाकांतभाऊंच्या वाट्याला आली. ते फार कमी बोलतात. बोलतानाही त्यांची नजर खिडकीबाहेर असते, जणू तिथे वेल चढतोय.

त्यांच्या वडिलांनी आयुष्यात कुणाची स्तुती केली नाही. मुलगा पास झाला तर म्हणायचे, "बरं." लग्न झालं तर, "बरं." वाडी मुलाच्या हाती दिली आणि दोन वर्षं तिकडे फिरकलेही नाहीत.

एका संध्याकाळी म्हातारा काठी टेकत आला. उन्हं कलली होती. पानांच्या सावलीत सगळं हिरवं दिसत होतं, वडिलांचं पांढरं धोतरसुद्धा. ते प्रत्येक वेलापाशी थांबले. एक पान खुडलं, कमरेच्या चंचीतून चुना-कात काढला, विडा जमवला आणि सावकाश चावत उभे राहिले. रमाकांतभाऊ श्वास रोखून बघत होते. म्हाताऱ्यानं कुंपणाच्या खांबावर एक लालभडक पिचकारी टाकली आणि काही न बोलता घरी गेला.

"बस. एवढंच," रमाकांतभाऊ म्हणाले. "तो खांब मी अजून बदललेला नाही. बायको म्हणते, तो डाग केव्हाच पावसात धुऊन गेला. मी म्हणतो, मला दिसतो."

नंदाताई म्हणाल्या, "बसला."

*

हिवाळ्यात वसुधा गेली. आजार छोटा होता. मला अजूनही तो छोटाच वाटतो.

तेराव्यानंतरच्या शनिवारी तिघंही आली आणि आपापल्या जागी बसली. मी चहा दिला. तिची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी दारातच उभा राहिलो आणि म्हणालो, "बाईंचा शब्द अर्धा राहिलाय. तो आपण पुरा करू. सील संपलं की वर्ग बंद."

वाटलं होतं, दोन-तीन शनिवारांत आटपेल. या खोलीचं दार लावून घ्यावं आणि कचेरीतून येऊन झोपावं, इतकंच माझ्या मनात होतं.

"ठीक हाय, मास्तर," नंदाताई म्हणाल्या. "संपलं की बंद."

*

पुढच्याच शनिवारी दुबे म्हणाला, "सर, सील तो हमारे पंप में भी होता है."

मी म्हणालो, "दुबे, तो वाक्प्रचार नाही. तो पंपाचा भाग आहे."

"बाई असती तर घेतला असता," नंदाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी घेतला.

दुबे सांगू लागला. पंपाचं सील खराब झालं की दांड्याजवळून आतलं पाणी गळतं. एका दिवशी ते गळलं नाही, थेट उडालं. पाणी गुलाबी रंगाचं होतं. साबणानं तो रंग निघेना. दुबे कपाळापासून गळ्यापर्यंत गुलाबी! संध्याकाळी गावाहून बायकोचा व्हिडिओ कॉल. उचलावा की नाही, विचार करत त्यानं उचलला.

"वो देखती रही, देखती रही. फिर बोली, आपके यहाँ होली हो गई? हमारे बिना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मैं क्या बोलता, सर? बोलने से पहले वो उठकर चली गई. मुझे लगा, नाराज़ हो गई. पाँच मिनट बाद लौटी, तो पूरा मुँह गुलाबी. पिछले साल का गुलाल बचा था उसके पास."

बाहेर अंधारत होतं. समुद्राकडून वारा येत होता आणि वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास होता. दुबे फोनच्या काळ्या काचेकडे बघत होता.

"बसला रे, बाला," नंदाताई म्हणाल्या.

*

'सील द डील' म्हणजे सौदा पक्का करणं. इथं तो पापलेटवाला व्यापारी आला!

नंदाताईंनी बर्फाच्या पेटीत पापलेट भरून ठेवली होती. व्यापारी आला, पेटी उघडली, नाक मुरडलं, बंद केली आणि फोनवर इंग्रजीत बोलू लागला. बाकीचं सगळं वरून गेलं, पण 'सील द डील' एवढं नंदाताईंना कळलं. नंतर त्यानं फोन ठेवला आणि पडेल भाव सांगितला.

"मी काय केलं? गेली नि पेटीवर बसली."

"पेटीवर?"

"झाकनावर! बोलली, झाला तुजा सौदा पक्का. आता ही पेटी उघडून दाखव. तो बोलतो, मावशी, उठा. मी बोलली, भाव उठव, मी उठते. त्यानं परत फोन लावला. मी डबा काढून जेवली. खालून बर्फाचा गारवा, वरून वारा... मला तर डुलकीच आली!"

शेवटी त्यानं भाव वाढवला. नंदाताई उठल्या, पदर झटकला. व्यापारी घाम पुसत म्हणाला, "मावशी, तुम्हाला इंग्लिश येतं वाटतं?"

"मी बोलली, इंग्लिश नाय रे बाबा, माजं वजन हाय!"

*

सील काही संपेना. शब्दकोशात जितके अर्थ नसतील तितके आमच्या खोलीत यायला लागले. दुबेनं मोबाइलवर टाळ्या वाजवणारा समुद्रातला सील प्राणी दाखवला आणि त्याच्या मिशा गावच्या मुखियासारख्या आहेत, यावर एक शनिवार गेला. गॅसच्या सिलिंडरचं सील झालं. पाण्याच्या बाटलीचं झालं. कानात समुद्राचं पाणी जाऊन नंदाताईंचा कान 'सील' झाला होता, तेही झालं. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "हे शेवटचं हं." तिघंही मान डोलवायची.

एकदा मी चहाचं आधण ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो. फाटकापाशी नंदाताईंचा आवाज आला.

"ए दुबे, ते कुरियरवालं सील आज काडू नको!"

"क्यों, ताई?"

"आज भाऊ सांगतील. तू आज सांगितलंस तर पुडच्या शनवारी काय सांगशील? तुमी लोकं उधलपट्टी करता. पुरवून पुरवून वापरा जरा."

"पण संपलंच तर?" रमाकांतभाऊंचा हळू आवाज.

"संपून चालेल का? हा मानूस मग दार लावून बसेल."

चहा उतू गेला. मी तो पुसला, नवा ठेवला आणि बाहेर येऊन म्हणालो, "हं, आज कोण?"

"आज भाऊ!" दुबे घाईघाईनं म्हणाला.

*

तर भाऊंचं 'सील ऑफ'. म्हणजे एखादी जागा चारी बाजूंनी बंद करणं.

साथीच्या दिवसांत त्यांच्या आळीनं रस्त्यावर बांबू आडवे बांधायचं ठरवलं. बाहेरचा माणूस आत नको. रमाकांतभाऊ गाठी बांधण्यात पटाईत, वेल बांधायची सवय. काम त्यांच्याकडे आलं. ते असे रंगले की वरचा बांबू, खालचा बांबू, तिरका बांबू, सगळं गच्च! शेवटची गाठ मारून मागे सरले, कौतुकानं बघितलं आणि मग लक्षात आलं, आपण बाहेरच्या बाजूला आहोत.

आत त्यांचा चुलतभाऊ पहाऱ्यावर होता. हे म्हणाले, "अरे, सोड जरा."

"दादा, बाहेरून आलेल्याला आत घ्यायचं नाही. बैठकीत तूच सुचवलंस."

"मी कुठून बाहेरून आलो? मी इथंच उभा होतो!"

"आत्ता कुठं आहेस?"

भाऊंचा विलगीकरणाचा काळ वाडीतल्या खोपीत गेला. बायको रोज डबा घेऊन कुंपणापर्यंत यायची, ठेवून मागे सरायची. हे घ्यायचे. मग दोघं दुरूनच बोलत बसायची, दिवेलागण होईपर्यंत.

"शेवटच्या दिवशी ती म्हणाली, आता उद्यापासून घरी याल. मी म्हटलं, हो. तर म्हणाली, इतक्या वर्षांत तुम्ही माझी वाट बघताना पहिल्यांदा दिसलात. अजून चार दिवस राहता का?"

*

आणि मग खरोखरच संपत आलं. एकच वाक्प्रचार उरला. तो वसुधानं पुढे ढकलत आणला होता, मीही ढकलत होतो. 'सील्ड विथ अ किस'. चुंबनानं बंद केलेलं.

रमाकांतभाऊ लाजून म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे असलं काही नाही."

दुबे म्हणाला, "हमारे यहाँ है, सर. पर बताऊँगा नहीं."

नंदाताईंनी पाय पोटाशी घेतले. "मास्तर, सगल्यांचं झालं. तुमी एकदाबी नाय सांगितलं."

मी चहाचे कप गोळा करायला लागलो. कुणी उठेना. मग मी खाली, त्यांच्यात बसलो.

"लग्नानंतरचा पहिला उन्हाळा," मी म्हणालो. "वसुधानं कैरीचं लोणचं घातलं होतं. बरणीच्या तोंडावर फडकं बांधलं, दोरी गुंडाळली, गाठ मारली आणि वाकून दोरीला ओठ लावले. मी म्हटलं, लोणच्याचा मुका घेतेस? ती चिडली. म्हणाली, काहीतरीच काय! गाठ घट्ट बसावी म्हणून दातानं ओढतेय."

नंदाताई हसल्या.

"पुढे दर उन्हाळ्यात मी बघायचो. हात सरावले तिचे. गाठ हातानंच पक्की बसायची, दातांची गरज उरली नव्हती. तरी ती वाकायचीच. मी एकदा म्हटलं, आता कशाला? म्हणाली, सवय."

खोलीत उजेड कमी झाला होता. कुणी दिवा लावला नाही.

"यंदा मी घातलं लोणचं. जमलं बहुतेक. मीठ जरा जास्त पडलं असेल. फडकं बांधलं, गाठ मारली. हातानंच घट्ट बसली." मी थांबलो. "तरी वाकलो."

दुबे छताकडे बघत होता. रमाकांतभाऊ खिडकीबाहेर. नंदाताईंनी पदरानं आधी डोळे पुसले, मग नाक, मग टोपली काखोटीला मारून त्या उठल्या.

"नाय बसला," त्या म्हणाल्या.

रमाकांतभाऊंनी घसा साफ केला. "नाही बसला, मास्तर."

"बिल्कुल नहीं बैठा, सर," दुबे म्हणाला.

"पुडच्या शनवारी दुसरा सांगा," नंदाताई चपला पायात सरकवत म्हणाल्या. "आनि जरा नीट सांगा!"