दादाच्या चाकूची धार

हे मी आजवर कुणाकडेच बोलले नाही. नवऱ्याकडे नाही, आईकडे नाही — आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांच्याकडे तर मुळीच नाही. तुला सांगतेय. पण आधी मला धारेबद्दल बोलू दे. कारण ते दिवस आठवले की अजूनही मला आधी आनंदच होतो — आणि तीच तर पंचाईत आहे.

माझा मोठा भाऊ, सचिनदादा, दहिसरला राहतो. ट्रेकचं वेड त्याचं. त्याच्याकडे एक चाकू होता — घडी न होणारा, जाड पात्याचा, लाकडी मुठीचा. दिसायला जबरदस्त, पण इतका बोथट की दादा स्वतःच म्हणायचा, याने लोणीसुद्धा कापलं जात नाही. म्यानातून काढला की पात्यावरून अंगठा सरळ ओढून दाखवायचा — बघा, काही होत नाही! प्रत्येक पिकनिकला हाच खेळ. मी नुकताच धारेचा दगड घेतला होता, व्हिडिओ बघून घरच्या जुन्या सुरीवर हात बसवत होते. म्हटलं, दादा, दे ना, मी लावते धार. तो हसला. "तुका नाय जमाचा ह्या." मालवणी तो फक्त मला चिडवायलाच काढतो.

मग आमच्या मुलुंडच्या घराचं रंगकाम काढलं आणि मी काही दिवस दादाकडे राहायला गेले. तो आणि वहिनी सकाळीच कामाला जायचे. मी लॅपटॉप घेऊन घरी एकटी. आणि चाकू स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, माझा दगड बॅगेत!

काय मजा आली, सांगू? दगड पाण्यात भिजवायचा, खाली ओलं फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही. पात्याच्या कडेला मार्करने रेघ मारायची — घासल्यावर ती कुठे पुसली गेली त्यावरून कोन बरोबर आहे का ते कळतं. माझा चुकतच होता. मनगट डुलायचं. टोकाकडे तर पार वाट लागायची. पहिल्या दिवशी नुसते ओरखडे. दुसऱ्या दिवशी जोर कमी केला, मनगट घट्ट धरलं — आणि लागली बोटाला! पात्याच्या पलीकडच्या बाजूला केसाएवढी खरखरीत कड. म्हणजे धातू अगदी काठापर्यंत घासला गेला होता! मग दुसरी बाजू, मग दगडाची मऊ बाजू, मग दादाच्याच जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलटं ओढलं. कागद धरला — सुर्रकन दोन तुकडे. टोमॅटोवर पातं नुसतं टेकवलं आणि आत! मी ओट्यासमोर एकटीच नाचले. खोटं नाही सांगत. मग पुसून, कोरडा करून, तेलाचा थेंब चोळून चाकू जागेवर ठेवून दिला.

आणि गप्प बसले. का? सरप्राइज द्यायचं होतं म्हणून — असं मी स्वतःला सांगत आलेय. पण थांब, पुढचं ऐक.

त्या रविवारी आम्ही सगळे पिकनिकला मनोरीच्या किनाऱ्यावर गेलो. चूल पेटवायला काटक्या सोलायच्या होत्या. दादाने चाकू काढला. मी काटक्या सोडून त्याच्याकडेच बघत राहिले — आता बघेल, आता कळेल त्याला! त्याने नेहमीसारखा अंगठा वर केला.

मला दिसलं. त्याची सवय मला माहीत नव्हती का? "दादा, थांब" — एवढंच म्हणायचं होतं. वेळ होता. मी म्हटलं नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं.

रक्त आलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? अरे बापरे नाही. दादा नाही. पहिलं आलं — झकास, काय लागलीये धार!

मग ओढणीने अंगठा आवळला, बोटीने खाडीपलीकडे मार्वेला, तिथून रिक्षाने हॉस्पिटल. बोटीत दादा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "याला धार लावली कोणी?"

मी तोंड उघडलं होतं. शप्पथ. पण वहिनीच आधी रडायला लागली. "अहो, परवा धारवाला आला तेव्हा मी ड्रॉवरमधल्या सगळ्या सुऱ्या पिशवीत भरून वॉचमनकडे दिल्या होत्या. त्यात हा पण गेला असणार. मी बघितलंच नाही हो."

मी तोंड मिटलं.

आतली नस तुटली होती. अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. दादा सोसायटीच्या गणपतीत कॅरमला दरवर्षी फायनलला असायचा. आता पंच म्हणून बसतो. शर्टाची बटणं वहिनी लावून देते. तो कधी तिला टाकून बोलला नाही, पण भर पंगतीत एखादा टोमणा मारतोच — हिच्या धारवाल्याची कृपा! सगळे हसतात. मीही हसते. एकदा वहिनी माझ्याकडे येऊन रडली, तेव्हा मी तिला जवळ घेऊन काय म्हटलं? "जाऊ दे गं, मुद्दाम थोडंच केलंस." असं — मोठ्या मनाने.

आणि धार लावणं मी सोडलंय का? नाही. उलट हात आता मस्त बसलाय. दगड भिजत घातला की अजून तसंच उचंबळून येतं. शेजारपाजारच्या सुऱ्या माझ्याकडेच येतात. वहिनी तर आता धारवाल्याला दारातही उभं करत नाही, सगळं माझ्याकडे पाठवते. परवा तिच्या सुऱ्या परत द्यायला गेले. एकेक कागदात गुंडाळलेली. हातात देताना म्हटलं, "वहिनी, जपून हं, कडक धार आहे."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "तू सांगतेस तरी गं. मी त्यांना तेवढंसुद्धा सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, "हो."