चिन्नीचं पोट आणि माझं सोवळं

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना मला अजून घाम फुटतो!

आमच्या तंजावुरात घरोघरी केबल टीव्ही नुकता आला होता. रामनवमीची आदली संध्याकाळ, आणि आमच्या पाच वर्षांच्या चिन्नीचं पोट बिघडलं. गल्लीच्या तोंडाशी नवे डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, "सार, घाबरू नका. ही पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. दर जुलाबानंतर थोडं थोडं पाजा. ताकभात चालू ठेवा. पोर मलूल झालं, पाणी पिईना, तर लगेच आणा."

बस्स! सोपं होतं की नाही? पण सोप्या कामाची माती करायला आम्ही आहोत ना!

पुडीला संत्र्याचा वास. चिन्नीनं पेला अक्षरशः चाटला.

सकाळी मी सोवळ्यात, बायको तारा सोवळ्यात. संडास परसाच्या टोकाला. तिकडे पाऊल टाकलं की पुन्हा अंघोळ, पुन्हा ओलं धोतर! चिन्नी हल्लीच स्वतःचं स्वतः करायला शिकलेली. म्हटलं, जाऊ दे एकटी. मी आपला मागच्या दारातून ओरडायचो, "चिन्नी, जाऊन आलीस का ग?"

"आले, अप्पा!"

की दिला पेला.

थोड्या वेळानं पुन्हा परसात. पुन्हा पेला. मग पुन्हा! तांब्या रिकामा झाला, दुसरी पुडी फोडली.

स्वयंपाकघरातून तारा म्हणाली, "ओ, पोर कित्तीदा जातेय! अस्कं पाणी जाईल की अंगातलं, सगळंच्या सगळं!"

"तू नैवेद्याचं गुळाचं पानक ढवळ ग. माझं लक्ष आहे."

लक्ष कसलं कपाळाचं! पाचव्या की सहाव्या पेल्याला माझाच धीर सुटला. एकुलती एक पोर हो! डोळ्यांपुढे सलाइनची बाटली दिसायला लागली. रामराया पाळण्यात तसाच राहिला. ओल्या धोतरात, उघड्या अंगानं मी मोपेड काढली, मागे तारा, मध्ये चिन्नी. सगळी गल्ली बघतेय! आणि चिन्नी टीव्हीवरची जाहिरात मोठ्यानं गातेय. मला वाटलं, गेलं, पोरीला भ्रम झाला!

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.

"शौचाला कसं होतंय? पातळ? रक्त?"

तारानं माझ्याकडे पाहिलं. मी धोतराकडे.

"बघितलं नाही."

"कोणीच नाही?"

"मडीत होतो, डॉक्टर. सोवळ्यात."

मग त्यांनी चिन्नीलाच विचारलं, "पाप्पा, बाळा, सकाळपासून पोट दुखतंय?"

"नाही तर! एकदाच गेले. मग कन्नुकुट्टी बघायला जात होते. शेजारच्या गायीला झालंय, एवढुस्सं!"

"मग अप्पांना का सांगितलंस, जाऊन आले म्हणून?"

"तसं म्हटलं की ते ज्यूस देतात."

तारानं पोरीला छातीशी धरलं, आणि हसू की रडू तिला कळेना. मला तर इतकं हलकं वाटलं, की तिथंच खुर्चीत बसकण मारली.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सार, आपण काम काय करता?"

मी जानवं सारखं केलं.

"शाळा तपासनीस आहे. आख्ख्या तालुक्याचा."