घाम देवाचा नाही

मुलांनो, तुमच्या आजोबांना मी इंजेक्शन द्यायला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं होतं. बाकावर शेजारी सास्तूरकडचे एक शेतकरी होते. त्यांनाही प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी तेच इंजेक्शन चालू होतं. एकाएकी त्यांचा चेहरा लाल झाला आणि घामाच्या धारा लागल्या. टोपीनं वारा घेत ते करवादले, "आज हे बंदच करा म्हणणार हाय, बाई. भजनात असंच झालं, तर लोक म्हनले अंगात आलं! बायकांनी कुंकू लावलं, नारळ फोडला. लेकीचं लग्न कवा जमंल, ते मला इचारत्यात!"

"औषधाचा घाम आहे, असं सांगा ना."

"सांगितलं की! तर म्हनत्यात, अंगात देव आणणारा असला डॉक्टर कुठं बसतो?"

"आणि डॉक्टरांना सांगितलंत?"

"असलं कसं सांगावं?"

तुमचे आजोबाही असेच गप्प बसतात. मला दोघांचाही संताप आला. "आधी घामाचं सांगा, मग बंद करायचं बोला."

थोड्या वेळानं ते दंड चोळत बाहेर आले. "घेतलं इंजेक्शन. घामावर गोळी हाय म्हणं. पण घाम थांबल्यावर गावाला काय सांगू?"

"सांगा, देव गेला, मी राहिलो."