ॲडमिनिस्ट्रेटर कोण?

“रफिकभाई, काही बसवायला गेलो की माझाच कॉम्प्युटर मला पासवर्ड मागून राहिलाय,” सर म्हणाले. “माझा पासवर्ड टाकला तर घेत न्हाई.”

मी लातूरच्या क्लासेसच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हे सर निवृत्त शिक्षक. मुलगी स्नेहल मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार, म्हणून गाव सोडून इथं भाड्यानं राहायला आलेले. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची पहिली बायको आणि दोन्ही मुलं ढिगाऱ्याखाली गेली. ते त्या रात्री ट्रेनिंगसाठी नांदेडला होते, म्हणून वाचले. पुढं दुसरं लग्न झालं, स्नेहल झाली. तिला क्लासहून यायला जरा उशीर झाला की सर चौकात येऊन उभे राहायचे. सगळ्या गल्लीला ते माहीत होतं.

मी स्क्रीन पाहिली आणि काय झालंय ते लक्षात आलं. घरच्या कॉम्प्युटरवर दोन तऱ्हेची अकाउंट असतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे घरमालक. तो काहीही बसवू शकतो, काढू शकतो, दुसऱ्याचा पासवर्ड बदलू शकतो. स्टँडर्ड म्हणजे भाडेकरू. आपल्या खोलीत राहायचं, भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं. इथं सर मालक होते, स्नेहल भाडेकरू. आता उलटं झालं होतं. तिनं सरांचा पासवर्ड ओळखून स्वतःला ॲडमिनिस्ट्रेटर केलं होतं आणि सरांना स्टँडर्ड.

“तुम्ही यात काही बसवलं होतं का?” मी विचारलं.

सर जरा घुटमळले. “एक प्रोग्राम होता. स्क्रीनचे फोटो काढणारा. ती काय लिहिती ते कळायचं.”

तो प्रोग्राम स्नेहलनं काढून टाकला होता. सरांना तो परत हवा होता. काम अवघड नव्हतं. मी पेन ड्राईव्ह लावला.

“चाचा, थांबा.” स्नेहल दारात उभी होती. सुजलेले डोळे, विस्कटलेली वेणी. “मी एकोणीस वर्षांची हाय. मला न विचारता करू नका.”

“अभ्यास सोडून मैत्रिणीशी गप्पा मारती,” सर म्हणाले.

“किनवटची ती एकच मैत्रीण हाय मला. क्लास सोडून गेली ती. तिला लिहिलं की जरा झोप लागायची. तुम्ही वाचताय हे कळलं, तेबी बंद झालं.”

तिची आई शोभाताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “एवढं काय लिहिती गं तू?”

उत्तर सरांनीच दिलं, खाली बघत. “जगावं वाटत न्हाई म्हणून लिहिलंय तिनं. मी वाचलंय.”

“कधी?”

“दिवाळीच्या आधी.”

दिवाळी होऊन संक्रांत आली होती.

“तुम्ही वाचलं,” शोभाताई म्हणाल्या, “आन् मला सांगितलं न्हाई? तिला विचारलं न्हाई?”

“म्हणून तर बघून राहिलो होतो,” सर म्हणाले. “रोज बघायचो. आज काय लिहिलं, आज हाय ना.” शिक्षक माणूस, आवाज भरभक्कम. तो आवाज फाटला.

मी पेन ड्राईव्ह काढला. “सर, हे काम माझं न्हाई. बेटीला डॉक्टरकडं न्या. आजच.”

“परीक्षा तोंडावर हाय,” सर पुटपुटले.

शोभाताईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. चप्पल घातली, लेकीचा दंड धरला आणि बाहेर पडल्या. रिक्षा मी थांबवली. सर मागून आले, पण रिक्षात चढायची त्यांची हिंमत होईना. शेवटी स्नेहलच सरकली आणि जागा केली.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या, मधे एकदा ॲडमिटही करावं लागलं. आता ती जवळच्याच मुरुडला मावशीकडं असते. बरी आहे म्हणतात, पण पहिल्यासारखी नाही. सरांनी कॉम्प्युटर विकला. मला रस्त्यात भेटले तर मान वळवतात.

अशी कामं अजून येतात, क्लासच्या सीझनला जास्तच. वापरणाऱ्याला समोर बसवल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही. काही बाप चिडून दुसऱ्या दुकानात जातात. स्क्रीनवर काय चाललंय हे असलं कोणतंही सॉफ्टवेअर दाखवतं. वाचल्यावर पुढं काय करायचं, ते त्यात येत नाही.