इंगळे सरांचा दोर

इंगळे सर कधीकधी खडू विसरून वर्गात येत, पण खांद्यावरचा सुती दोर कधी विसरत नसत. अमरावतीच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे होतं. विद्युतधारेचा धडा आला की ते दहावीला कडुनिंबाखाली गोल उभं करत. दोराची दोन टोकं बांधून तो सगळ्यांच्या मुठींतून फिरवत.

"मी देतो ती ओढ म्हणजे व्होल्टेज. दोर चालून राहिला, तो करंट. अन् तुमची पकड म्हणजे रेझिस्टन्स," ते म्हणत. "एकानं घट्ट धरलं तं साऱ्याईचा दोर मंद होते. त्याचा तळवा तेवढा गरम."

दुपारच्या विरळ सावलीत तो दोर कोणी न ओढता आपोआप वाहतोय असं वाटे. खिडकीशी माझी पावलं हमखास रेंगाळत.

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं संथ झालं. दहावी त्यांच्याकडे ठेवायची की काढायची, हे मला ठरवायचं होतं. सर म्हणाले, "काढा मॅडम, पण एक डाव पाहून काढा."

मी पाहायला गेले त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं दोर ओढला. तो पूर्वीसारखाच सळसळत फिरला. मला हायसं वाटलं. सर मात्र थांबले.

"ओढ निम्मी, अन् चाल तेवढीच. कावून?"

 गोलातली वैष्णवी म्हणाली, "आम्ही पकड सैल केली, सर."

"मंग नियम चुकला का?"

"नाही सर. बरोबरच आला."

"आला ना? तुमची माया कळली मले. आता पयल्यासारखं धरा, पोट्टेहो."

मुठी आवळल्या. सरांनी पुन्हा ओढलं. कपाळावर घाम आला, पानांच्या सावलीची जाळी अंगावर हलत राहिली, आणि दोर सरकू लागला. इतका हळू की पाहता पाहता वेळेचं भान सुटावं.

तास संपल्यावर मी स्पष्टच विचारलं, "सर, या गतीनं अभ्यासक्रम पुरा होईल?"

"करंट कमी हाये मॅडम, बंद नाही. वेळ जास्त द्या, तेवढंच पोचते."

मी ऑफिसात गेले आणि दहावीच्या रकान्यात इंगळे सरांचे लागोपाठ दोन तास लिहिले.