लेकीच्या नावाची भांडी

मैत्रिणींनो, भजनाला बसण्याआधीच हा कागद मंडळाच्या फळ्यावर लावते आहे. सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या ह्यांना भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय. एक जुना लेथ मिळत होता, पण इसार आजच द्यायचा होता. घरात विकण्यासारखं दोनच: माझ्या पाटल्या आणि लेकीच्या लग्नासाठी दर दिवाळीला एकेक घेतलेली पितळेची भांडी.

हे म्हणाले, "सोनं राहू दे. छकी आत्ता आठ वर्षांची आहे."

सकाळीच मी भांडी पोत्यात घालून तांबटाकडे गेले. हंडा फिरवून बघताना तो हसला. "वहिनी, जावई ठरायच्या आधीच पोरीचं नाव घातलंत? आता हे दुसरं कोण घेणार? मोडीतच जाणार."

मोडीच्या भावात इसार भागत नव्हता. शिवाय छकीच्या नावावर हातोडा पडलेला मला बघवला नसता. पाटल्या निदान सोडवता तरी येतील, म्हणून तशीच सराफाकडे जाऊन त्या गहाण ठेवल्या.

घरी सासूबाईंनी माझी मोकळी मनगटं पाहिली. मला वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, "लेथची पूजा मी करणार. नारळ चांगला बघून आण."

सोमवारी लेथ येतोय. सगळ्याजणी या, आणि खरं सांगा, तुम्ही काय दिलं असतं?